जुन्या गाडीचे हेडलाइट: नवे बल्ब घेण्याआधी मीटर लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2010 ची वॅगनआर, सव्वा लाख किलोमीटर झालेली. ऊस हंगाम सुरू झाल्यापासून रोज संध्याकाळी कराडहून तासगावच्या बाजूला आतल्या रस्त्याने परतावं लागतं आणि डिपरवर (खाली वळलेल्या झोतावर) समोरचं धड दिसत नाही. वायरमन एलईडी टाका म्हणतो, मित्र शंभर-नव्वद वॉटचे बल्ब सुचवतो. घरात वडीलही हीच गाडी चालवतात. कोणाचं ऐकावं?

आत्ता तरी दोघांचंही ऐकू नका. इतक्या जुन्या गाडीत उजेड कमी पडतो तो बहुतेक वेळा बल्बची ताकद कमी म्हणून नाही. गाडी नवी होती तेव्हाही तोच 60/55 वॉटचा (अप्परला, म्हणजे लांबच्या झोताला 60 आणि डिपरला 55) एच-4 बल्ब होता आणि तो तुम्हाला पुरत होता. मधल्या वर्षांत बॅटरीपासून बल्बपर्यंत येताना व्होल्टेज गळायला लागलं, आतल्या रिफ्लेक्टरची चमक उतरली, बाहेरची काच पिवळी पडली आणि कधीतरी बंपर काढता-घालताना फोकस हलला. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा उजेड गेला. या चार गोष्टी न बघता नवा बल्ब टाकला की पैसे तुमचे जातात आणि त्रास समोरून येणाऱ्याला होतो. माझं काम ऑटो इलेक्ट्रिकचं आहे. हेडलाइटची तक्रार आली की मी आधी मीटर लावतो, बल्बचा विचार नंतर.

तुमच्या भागात हा प्रश्न किती गंभीर आहे हे मला माहीत आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे कामावरून सुटायची वेळ आणि अंधार एकदमच येतात. त्याच वेळी कारखान्यांकडे जाणारे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीने माखलेला किंवा उसाच्या लोंबणाऱ्या वाड्याखाली (शेंड्याच्या पाल्याखाली) झाकलेला. बैलगाड्या असतात, सायकलवाले असतात. आता जरा हिशेब करा. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर. काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर 33 मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर गाडी थांबायला आणखी साधारण 35 मीटर. एकूण जवळजवळ 70. चांगल्या स्थितीतल्या हॅलोजन डिपरवर मळकट रंगाची वस्तू 50-60 मीटरवर दिसली तरी पुष्कळ. ताशी 60 ला हाच हिशेब 45 मीटरवर येतो. म्हणजे हेडलाइट उत्तम असले तरी डिपरवर 60 च्या पुढे जाण्यात धोका आहे, आणि हेडलाइट थकलेले असतील तर 60 सुद्धा जास्त आहे. खाली सांगतो ती सगळी कामं केल्यावरही हा हिशेब बदलत नाही, म्हणून तो आधी सांगितला.

सुरुवात व्होल्टेजपासून करा. हरवलेला उजेड सगळ्यात जास्त इथेच सापडतो आणि इथेच कोणी बघत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. इंजिन चालू ठेवा, डिपर लावा, ब्लोअर मधल्या स्पीडला ठेवा. आधी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मोजा. बॅटरी चार्ज करणारा ऑल्टरनेटर ठीक असेल तर 13.8 ते 14.4 व्होल्टच्या दरम्यान आकडा दिसेल. 13.5 च्या खाली असेल तर हेडलाइट बाजूला ठेवा आणि ऑल्टरनेटर, त्याचा बेल्ट, टर्मिनलवर जमलेला पांढरा-हिरवा थर हे आधी बघा.

मग बल्बच्या मागच्या तीन पिनांच्या होल्डरवर मोजा. इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळा: होल्डर बल्बला लावलेला हवा आणि बल्ब पेटलेला हवा. होल्डर काढून मोजलं की करंट वाहतच नाही, त्यामुळे मीटर भरभक्कम आकडा दाखवतो आणि दोष लपून राहतो. ‘व्होल्टेज तर बरोबर येतंय’ असं सांगून गाडी परत पाठवतात ते बहुतेक याच कारणाने. होल्डरमध्ये वायर जिथे शिरते तिथून, मागच्या बाजूने मीटरची टोकं आत सरकवता येतात.

बॅटरीवर 14 आणि बल्बवर 13.5 आलं तर वायरिंग चांगलं आहे. फरक एक व्होल्टाहून जास्त असेल तर काम निघालं. जुन्या गाड्यांत दीड-दोन व्होल्टचा फरकही सापडतो. एवढ्याने काय होतं, असं वाटेल. पण हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो. 13.5 च्या जागी 12 व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज फक्त अकरा टक्क्यांनी कमी झालं, पण उजेडाचा तिसरा हिस्सा गेला. एच-4 चा प्रमाणित उजेड 13.2 व्होल्टवर मोजतात. त्या व्होल्टेजला डिपर साधारण 1000 ल्युमेन (उजेड मोजायचं एकक) आणि अप्पर साधारण 1650 ल्युमेन देतो. 12 व्होल्ट मिळणाऱ्या बल्बकडून तेवढा उजेड मिळणारच नाही, मग त्याच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो.

फरक कुठे पडतोय हे शोधणंही सोपं आहे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं पेटलेल्या बल्बच्या डिपरच्या पिनेला लावा. जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज पॉझिटिव्हच्या वाटेवर गळतंय. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं बल्बच्या अर्थच्या पिनेला लावा. तिथे 0.2-0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. अर्थचा दोष फार आढळतो, कारण हेडलाइटजवळ बॉडीला जिथे अर्थचा बोल्ट लावलेला असतो तिथे पावसाचं पाणी आणि चिखल जाऊन गंज धरतो. तो बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज खरवडून पत्रा उघडा करा, नवा लग (वायरच्या टोकाला बसणारी धातूची कडी) लावा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. त्याहून बरं म्हणजे अडीच स्क्वेअर एमएमची एक वेगळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या. खर्च जवळजवळ नाहीच.

होल्डर काढून त्याच्या पिनांकडे बघा. प्लास्टिक तपकिरी पडलं असेल, पिना सैल असतील, कडेला वितळल्याची खूण असेल तर होल्डर बदला. सिरॅमिकचा घ्या. वायर नुसती पिळून वर टेप गुंडाळू देऊ नका, लग दाबून बसवायला सांगा.

एवढं करूनही पॉझिटिव्हच्या बाजूला घट राहिली, तर स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत जाऊन परत येणारी लांब, बारीक वायर आणि स्विचचे झिजलेले कॉन्टॅक्ट हे कारण असतं. उपाय म्हणजे रिले, थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडून देणारा स्विच. बाजारात एच-4 साठी तयार हार्नेस (वायरिंगचा जुळवलेला संच) मिळतं, दोन रिले असलेलं, एक डिपरचा आणि एक अप्परचा. यात बॅटरीतून करंट फ्यूजमार्गे रिलेच्या 30 नंबरच्या पिनेवर येतो आणि 87 वरून सरळ बल्बला जातो. गाडीची मूळ वायर 85-86 वर फक्त रिले ओढायचं काम करते. स्विचवरचा भारही जातो. गाडीची एकही वायर कापायची गरज नसते. मूळ होल्डर हार्नेसच्या सॉकेटमध्ये घालायचा, एवढंच.

यात वायरमनकडून दोन गोष्टी लक्ष ठेवून करून घ्या. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, वीतभर अंतरात. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामध्ये वायर बॉडीला घासून उघडी पडली तर तिला वाचवणारं काहीच नसतं आणि गाडी पेट घेऊ शकते. दुसरं, रिले पिना खाली करून आणि पाण्याच्या उडवणीपासून दूर बसवा. आणखी एक: काही जपानी बनावटीच्या गाड्यांत सामाईक पिन (डिपर-अप्पर दोन्हींना मिळून असलेली) पॉझिटिव्ह असते आणि स्विच अर्थच्या बाजूने चालतो. तिथे नेहमीचं हार्नेस चालत नाही. म्हणून विकत घेण्याआधी लाइट लावून सामाईक पिन अर्थ आहे की पॉझिटिव्ह हे मीटरने बघून घ्या. बोनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये हेडलाइटचा रिले कंपनीनेच दिलेला असेल तर नवं हार्नेस कशाला हवं, तोच रिले आणि त्याच्या पिना तपासा.

आता बल्ब. एच-4 मध्ये दोन फिलामेंट असतात. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि उजेड रस्त्याकडे खाली जातो. अप्परच्या फिलामेंटला अशी वाटी नसते. ही वाटी लक्षात ठेवा, एलईडीच्या वेळी तिचा विषय परत निघणार आहे.

बल्ब नीट बसलाय का हे हाताने चाचपून बघा. त्याच्या चकतीला तीन कान असतात आणि त्यातला वरचा मोठा असतो, म्हणजे बल्ब एकाच स्थितीत खाचेत बसतो. घाईत कोणी तिरका कोंबून वर स्प्रिंगची क्लिप लावली असेल तर सगळा झोत बिघडतो. मागचा रबरी बूट जागेवर आहे ना, फाटला नाही ना, तेही बघा. तो नसला की धूळ आणि ओल थेट रिफ्लेक्टरवर जाते.

बल्बची काच काळसर झाली असेल किंवा बल्ब कित्येक वर्षांचे असतील तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. नावाजलेल्या कंपनीचे साधे 60/55 चे घ्या. जास्त उजेडाचे म्हणून विकले जाणारे, खोक्यावर अधिक शंभर टक्के वगैरे लिहिलेले बल्ब खोटे नसतात, पण तो दावा एकूण उजेडाचा नसून रस्त्याच्या ठरावीक भागावर पडणाऱ्या उजेडाचा असतो. फिलामेंट जास्त तापवून आणि आटोपशीर करून ते साधलेलं असतं, म्हणून ते लवकर जातात. तुमच्यासारख्या रोजच्या रात्रीच्या प्रवासाला ते घ्यायला माझी हरकत नाही, फक्त डिकीत एक साधा जोड ठेवा. निळसर काचेचे बल्ब मात्र घेऊ नका. तो निळा थर उजेड गाळून कमी करतो. नवा बल्ब हाताळताना काचेला बोट लागू देऊ नका. बोटाचं तेल तापलेल्या काचेवर जळतं आणि बल्ब अकाली फुटतो. लागलंच तर स्पिरिटने पुसा.

काचेकडे वळू. ती काच म्हणजे पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक, ज्यावर ऊन सोसायला एक कडक थर दिलेला असतो. वर्षानुवर्षं गाडी उन्हात उभी राहिली की तो थर जळतो, पिवळा पडतो, सालपटतो. पद्मिनी-अॅम्बेसेडरच्या काळच्या खऱ्या काचेला हा रोग नव्हता. पिवळेपणा उजेड अडवतो आणि त्याहून वाईट म्हणजे विखुरतो, त्यामुळे तुम्हाला कमी दिसतं आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातं. दोष बाहेर आहे की आत हे ओळखायला काच पाण्याने ओली करा. ओली असताना स्वच्छ दिसली तर दोष वरच्या पृष्ठभागाचा आहे आणि घासून निघेल. ओली करूनही धूसर राहिली तर आतून खराब आहे.

घासायचं असेल तर भोवतीच्या रंगाला मास्किंग टेप लावा आणि वॉटर पेपरने, भरपूर पाणी घेऊन, 800 पासून 1000, 1500, 2000 आणि शेवटी 3000 पर्यंत जा. प्रत्येक टप्प्यावर दिशा बदला, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे पुसले गेले की नाही ते कळतं. मग रबिंग कंपाउंडने चमक आणा. इथवर सगळे येतात आणि थांबतात. काच नव्यासारखी दिसते, गिऱ्हाईक खूश होतं आणि काही महिन्यांत परत पिवळी, कारण जुना थर तुम्ही घासून काढला आणि नवा दिलाच नाही. शेवटी ऊन सोसणारा क्लिअर कोट मारून घेणं हेच त्यातलं खरं काम आहे. टूथपेस्टने घासण्याचा फायदा काही दिवस टिकतो, त्यावर वेळ घालवू नका.

आतला रिफ्लेक्टर बघायला बल्ब काढून त्या भोकातून टॉर्च मारा. आरशासारखा लखलखीत दिसला पाहिजे. राखाडी, डागाळलेला किंवा पोपडे आलेला असेल तर त्याला घरगुती इलाज नाही. आत कापड घालून पुसायचा मोह आवरा. ती अ‍ॅल्युमिनियमची फार पातळ झिलई असते, पुसली की निघून येते. मग पूर्ण असेंब्लीच, म्हणजे काच-रिफ्लेक्टरसकट अख्खी पेटी बदलायची, दोन्ही बाजूंची. गाडीच्या कंपनीच्या डीलरकडची किंवा कंपनीला माल देणाऱ्या लुमॅक्स, मिंडा अशा उत्पादकांची घ्या. निम्म्या किमतीचा नकली माल दिसायला सारखा असतो, पण त्याचा रिफ्लेक्टर नेमका नसला तर झोत कधीच नीट पडत नाही, कितीही स्क्रू फिरवा. तुमच्या गाडीला माझ्या अंदाजाने हाच सगळ्यात मोठा खर्च असेल, आणि लागलाच तर तो करण्यासारखा आहे.

पावसाळ्यात काचेत आतून थोडं दव धरलं आणि लाइट लावल्यावर अर्ध्या तासात गेलं तर काळजी नाही, असेंब्लीला हवा खेळायला नळ्या असतातच. तळाला पाणी साचत असेल तर मात्र सील गेलं आहे.

यानंतर फोकस. वरचं सगळं झाल्यावरच, कारण बल्ब किंवा असेंब्ली बदलली की फोकस पुन्हा बघावा लागतो. सपाट जमीन आणि उभी सरळ भिंत शोधा. शाळेचं किंवा गोदामाचं आवार चालतं. टायरमध्ये हवा बरोबर हवी, डिकी रिकामी हवी, चालकाच्या जागी कोणीतरी बसलेलं हवं. डॅशबोर्डवर हेडलाइट वरखाली करायचं चाक असेल तर ते शून्यावर ठेवा. गाडी भिंतीला अगदी चिकटवून प्रत्येक हेडलाइटच्या मध्याची खूण भिंतीवर टेपने करा आणि मग सरळ मागे 10 मीटर घ्या. डिपर लावा. एका वेळी एकच बाजू बघायची असते, तेव्हा दुसऱ्या हेडलाइटसमोर थोड्या अंतरावर पुठ्ठा उभा करा. काचेवर कापड टाकू नका, प्लास्टिक तापतं.

भिंतीवर उजेड-अंधाराची एक स्पष्ट रेघ दिसली पाहिजे. उजवीकडे ती आडवी असते आणि मध्यापासून डावीकडे तिरकी वर चढते. आपण डावीकडून चालतो, म्हणून डावीकडच्या कडेवर उजेड लांब आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांखाली. आडवी रेघ 10 मीटरवर हेडलाइटच्या मध्याच्या खुणेपासून साधारण 10 सेंटिमीटर खाली हवी, म्हणजे एक टक्का उतार. गाडीच्या माहितीपुस्तकात किंवा हेडलाइटजवळच्या स्टिकरवर वेगळा आकडा असेल तर तो पाळा. रेघ जिथून चढायला लागते तो कोपरा खुणेच्या सरळ खाली हवा. हेडलाइटच्या मागे दोन स्क्रू असतात, एक वरखाली करायला आणि एक डावा-उजवा. अर्धा-अर्धा फेरा देत जा.

हे काम दिसतं त्यापेक्षा फार मोलाचं आहे. रेघ 10 सेंटिमीटरऐवजी 30 सेंटिमीटर खाली असेल, तर उतार एकाचा तीन टक्के झाला, आणि 65-70 सेंटिमीटर उंचीवरच्या हेडलाइटचा झोत 23 मीटरच्या आतच रस्त्याला टेकला. असा माणूस वैतागून सतत अप्पर लावून फिरतो. रेघच दिसत नसेल, नुसताच उजेडाचा ढग असेल, तर बल्ब चुकीचा बसलाय, रिफ्लेक्टर गेलाय किंवा काच खराब आहे. वाहन तपासणी केंद्रांत झोत मोजायचं यंत्र असतं. तुमच्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपून नूतनीकरणाला नेताना तपासणी होतेच, तेव्हा फोकस नीट असलेला बरा.

आणि ते डॅशबोर्डवरचं चाक. मागे तिघे बसले, डिकीत तांदळाची पोती टाकली की गाडीची शेपूट बसते आणि नाक वर होतं. तेव्हा चाक एक-दोन आकडे पुढे करायचं. बहुतेकांना ते कशाला दिलंय हेच माहीत नसतं. वडिलांनाही दाखवून ठेवा.

आता वायरमन आणि मित्र यांच्या सल्ल्याकडे येतो. शंभर-नव्वदचा बल्ब डिपरला 90 वॉट घेतो. दोन बल्बचे 12 व्होल्टवर 15 अँपिअर झाले, 55 वॉटच्या जोडीला 9 अँपिअर लागतात. जुन्या बारीक वायरवर करंट वाढला की गळणारं व्होल्टेजही त्याच प्रमाणात वाढतं, म्हणजे वाढीव उजेडाचा मोठा भाग वायर तापवण्यातच जातो. स्विचचे कॉन्टॅक्ट जळतात, होल्डर वितळतो आणि प्लास्टिकच्या असेंब्लीत रिफ्लेक्टर काळवंडतो. रिले लावून, जाड वायर टाकून व्होल्टेज भागवता येईल, पण रिफ्लेक्टरला बसणारी धग तशीच राहते आणि समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा उजेडही वाढतो. रस्त्यावरच्या गाडीला तो बल्ब नको.

एलईडीचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण दर दुकानात तोच गळ्यात मारला जातो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरचा प्रत्येक वक्र एका गोष्टीसाठी बनवलेला असतो: विशिष्ट जागी बसलेली, काही मिलिमीटर लांबीची, चारी बाजूंनी प्रकाशणारी तापलेली तार. एलईडीच्या बल्बमध्ये एका पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात. त्या तारेपेक्षा जाड जागा व्यापतात आणि उजेड दोनच दिशांना फेकतात. रिफ्लेक्टरला तो उजेड चुकीच्या जागेवरून मिळतो आणि तो त्याला चुकीच्या दिशेला पाठवतो. एच-4 मध्ये त्या वाटीची नक्कलही करावी लागते आणि स्वस्त बल्बमध्ये ती धड नसते, म्हणून डिपरवरही उजेड वर जातो.

मग लोकांना एलईडी टाकल्यावर ‘भारी दिसतंय’ असं का वाटतं? कारण गाडीपुढचे पहिले 15-20 मीटर झगमगतात. आणि नेमकं तिथेच नुकसान आहे. जवळचा रस्ता लख्ख झाला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं, जिथे ती बिनदिव्याची ट्रॉली आहे, ते आणखी काळोखात जातं. चालकाला भरपूर उजेड असल्याचं समाधान मिळतं आणि थांबायला लागणाऱ्या अंतरावर मात्र तो आंधळा असतो. त्यात एलईडी थंड ठेवणारा मागचा पंखा बसवायला रबरी बूट काढून टाकतात. एचआयडी (झेनॉन गॅसच्या बल्बच्या) किटचं यापेक्षा वाईट.

जर्मनीत ओस्राम आणि फिलिप्सच्या काही एलईडी बल्बना ठरावीक गाड्यांच्या ठरावीक हेडलाइटपुरती मान्यता मिळाली आहे, प्रत्येक जोडी तपासून. यावरूनच कळतं की ‘कोणत्याही एच-4 ला बसतो’ या म्हणण्याला अर्थ नाही. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 106 सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत खाली वळलेला हवा आणि त्याने समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत. दंडाची भीती मी घालत नाही. पण अरुंद रस्त्यावर समोरचा मोटरसायकलवाला दोन सेकंद आंधळा झाला तर तो तुमच्याच अंगावर येतो.

मनात फारच असेल तर एकच मार्ग मला बरा वाटतो: प्रोजेक्टर. त्यात भिंग आणि उजेड कापणारी पट्टी स्वतःची असते, त्यामुळे रेघ स्वच्छ येते. पण त्यासाठी असेंब्ली गरम करून उघडावी लागते, परत सील करावी लागते आणि दोन्ही बाजू जुळवाव्या लागतात. हजारोंचा खर्च आहे आणि नीट करणारे हात थोडे आहेत. कायद्याच्या दृष्टीने तो बदलच ठरतो. परदेशातून आलेला प्रोजेक्टर घेताना तो डावीकडून चालणाऱ्या देशांसाठीचा आहे ना हे नक्की करा, नाहीतर तिरकी रेघ उजवीकडे चढेल आणि थेट समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. तुमच्या गाडीला मी हा खर्च सुचवणार नाही.

काम सुरू करताना पहिल्या दिवशी फक्त मीटर, होल्डर आणि अर्थ बघा, त्याच संध्याकाळी फोकस लावा. याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. फरक किती पडला ते त्याच रस्त्यावर बघा. मग गरज असेल तर रिले, नवे बल्ब, काच. असेंब्ली सगळ्यात शेवटी, आणि रिफ्लेक्टर गेला असेल तरच.

वडिलांबद्दल: वय वाढलं की त्याच वस्तूसाठी डोळ्याला जास्त उजेड लागतो आणि समोरच्या लाइटने दिपल्यावर सावरायला वेळ लागतो. मोतीबिंदू सुरू होत असेल तर प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसतं. हेडलाइटचं काम होईल तेव्हा त्यांचे डोळेही तपासून घ्या आणि तोवर अंधारात गाडी त्यांच्याकडे देऊ नका. पुढची काच आतून पुसायला विसरू नका. आतल्या बाजूला धुरकट थर बसतो आणि समोरून लाइट पडला की सगळी काच पांढरी होते.

फॉग लॅम्पचं विचारलं नाहीत, पण थंडीत नदीकाठच्या रस्त्यांवर आणि आंबोली, आंबा घाटात जाणार असाल तर उपयोग होतो. ते बंपरमध्ये खाली, रुंद आणि वरून सपाट कापलेल्या झोताचे हवेत. धुक्यात अप्पर लावला की पाण्याचे कण उजेड परत तुमच्याच डोळ्यांवर फेकतात, म्हणून तिथे डिपर आणि फॉग लॅम्प, वेग कमी. टपावरचे एलईडी बार रस्त्यावर नकोतच. फॉग लॅम्पचं वायरिंग वेगळ्या रिले-फ्यूजवर करा, स्विच वेगळा ठेवा आणि धुकं संपलं की ते बंद करा.